मदत हवी आहे: लस देऊनही मानमोडीनं (राणीखेत रोगानं) कोंबड्या गेल्या, चूक कुठे झाली?

नमस्कार. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहितेय. परसात कोंबड्या पाळते, बहुतेक गावरान, थोड्या गिरिराज जातीच्या. पोळ्याच्या आधी लहान-मोठ्या मिळून ६४ होत्या, आज २३ उरल्यात. आमच्या बचत गटातल्या आणखी सहा घरीही हेच झालं, आणि त्या सहा जणींना लस द्यायला मीच तयार केलं होतं. म्हणून झोप लागत नाही.

झालं ते असं. बुधवारी तालुक्याहून मानमोडीच्या लासोटा लसीची १०० मात्रांची बाटली आणली, बर्फाच्या डब्यातून. रात्री फ्रिजच्या दारात ठेवली. त्या रात्री दोन-अडीच वाजता लाईन गेली ती सकाळीच आली. गुरुवारी सात वाजता लस सोबतच्या द्रावणात मिसळली आणि माझ्या घरापासून सुरुवात केली. डोळ्यात एकेक थेंब. माझ्याकडच्या खुराड्यातच होत्या, पण बाकीच्या घरी कोंबड्या सोडून झाल्या होत्या. उकिरड्यावरून, तुरीच्या धुऱ्यावरून धरून आणता आणता शेवटच्या घरी साडेअकरा वाजले. बाटली एकच असल्यानं प्रत्येकीच्या निवडकच कोंबड्यांना दिली.

सोमवारी माझा तांबडा कोंबडा खुराड्यातून बाहेरच आला नाही. मान उलटी वळून पाठीला टेकली होती. पुढ्यात ज्वारी टाकली तर टिपायला जायचा आणि चोच दाण्याच्या बाजूला मातीत पडायची. पुन्हा जायचा, पुन्हा बाजूला. खाली हिरवी पातळ हगवण. संध्याकाळी गेला. मग रोज चार-पाच. बुधवारपासून बाकीच्या घरी सुरू झालं.

आता गटातल्या बाया म्हणतात, लसीनंच मारल्या. त्याला कारणही आहे. आमच्या ओळीतल्या एका घरानं लस घेतली नाही, त्यांची एकही कोंबडी गेली नाही. सासूबाई म्हणतात, "मर त दरसाली येते, औषधानं का थांबते?" यावर मला उत्तर देता आलं नाही.

लाईन गेल्यानं लस खराब झाली का? खराब लसीनं रोग होतो का? आणि आता उरलेल्या २३ चं काय करू? कुणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पशुवैद्यक, नागपूर

ताई, तुम्ही दिवस-वार नीट लिहिलेत, त्यामुळे बरंच कळतं. आधी एक विचारतो. लस देण्याच्या आठवडाभर आधी घरी बाहेरून नवीन कोंबडी आली होती का?

धागाकर्ती

हो डॉक्टरसाहेब. त्याच आठवड्यात सोमवारी बाजारातून चार तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणल्या होत्या. एक जरा सुस्त होती, मला वाटलं उन्हानं असेल. गुरुवारी लस देताना सगळ्यात आधी तीच हातात घेतली.

पशुवैद्यक, नागपूर

मग बहुधा इथेच आहे. मानमोडीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन, कधी पंधराही. तलंगा सोमवारी आल्या, कोंबडा पुढच्या सोमवारी पडला. लस चांगली असली तरी पुरेशी प्रतिकारशक्ती यायला दहा-पंधरा दिवस जातात, म्हणजे तुमच्या घरी रोग लसीच्या आधीच पोचला होता. लासोटा हा सौम्य विषाणू आहे. त्यानं दोन-तीन दिवस शिंका, थोडी खरखर होऊ शकते, मान मोडत नाही. उन्हानं मेलेल्या लसीनं रोग होत नाही, फक्त संरक्षण मिळत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. तुम्ही आजारी तलंग धरलीत आणि त्याच हातांनी, त्याच चपलांनी सहा घरी गेलात. विषाणू विष्ठेत आणि नाका-तोंडाच्या स्रावात असतो. बाकीच्या घरी बुधवारी, म्हणजे सहाव्या दिवशी सुरू झालं. ज्या घरी तुम्ही गेलाच नाहीत ते वाचलं. बायांचं निरीक्षण खरं आहे, रोग त्याच फेरीतून आला. पण तो बाटलीतून आलेला नाही.

लाईनपेक्षा साडेचार तास जास्त नडले. कोरडी लस थोडा वेळ तग धरते, मिसळल्यावर मात्र दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर आणि सावलीत ठेवून. फ्रिजचं दार सगळ्यात गरम जागा असते, बाटली आत मधल्या कप्प्यात ठेवा.

एकच लासोटा पुरत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी पहिला थेंब, चार आठवड्यांनी दुसरा, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर टू बी, अर्धा मिली कातडीखाली. ही लस तेज असते, लहान पिलांना देऊ नका. आठवडाभर आधी जंताचं औषध द्या.

आणि एक विनंती. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसतं बघून वेगळे ओळखता येत नाहीत. २००६ मध्ये बर्ड फ्लूची देशातली पहिली नोंद आपल्याच राज्यात, नवापूरला झाली. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले. तेव्हा मेलेली कोंबडी घरी चिरू नका, नाल्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा आणि त्यांनी सांगितल्यावर चुना टाकून खोल पुरा. उरलेल्या २३ पैकी एकही विकू नका.

देवळीकर शेतकरी

ताई, आमच्या गावात आम्ही वेळच बदलली. लस पहाटे खुराडं उघडायच्या आधी देतो. अंधारात कोंबडी शांत असते, बॅटरीच्या उजेडात एक जण धरतो, एक जण थेंब टाकतो. शंभर कोंबड्या तासाभरात होतात. प्रत्येक घरची बाई आपल्याच कोंबड्या आपणच धरते, बाहेरचं कुणी खुराड्यात हात घालत नाही. बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, तिचं पाणीही वेगळं.

मीही एक विचारतो. उष्णता सोसणारी लस असते असं वाचलंय, ती आपल्याकडे मिळते का?

पशुवैद्यक, नागपूर

आय टू नावाची लस ऑस्ट्रेलियात खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठी तयार झाली, आफ्रिकेतल्या मोझांबिक, टांझानियात ती खूप वापरली गेली. तिला शीतसाखळी, म्हणजे सतत गार ठेवणं, कमी लागते. पण जी लस हातात आहे ती नीट दिली तरी फरक पडेल. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात विचारून बघा.

धागाकर्ती

डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. वाईट वाटलं, पण आता बायांना सांगता येईल. उद्या गटाची बैठक आहे, आधी माझ्या हातांचंच सांगणार. ज्यांची लस राहिली होती त्यांनाही.

पुढची लस लागू पडली की नाही हे बघायला रक्त तपासतात म्हणे. ते वाचलेल्या २३ चं काढायचं का?

पशुवैद्यक, नागपूर

त्यांचं नको. त्या रोगातून उठल्यात, रक्तात प्रतिद्रव्यं भरपूर दिसतील आणि लसीचं काही कळणार नाही. खुराडं धुऊन, चुना मारून काही आठवडे रिकामं ठेवा, मग नवीन पिलं आणा. त्यांना दुसरा थेंब दिल्यावर तीन आठवड्यांनी सात-आठ पिलांच्या पंखाच्या शिरेतून रक्त काढून नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवायचं. तारीख ठरली की इथेच लिहा, नमुना कसा बांधायचा ते सांगतो.