गेटचा कॅमेरा परत बंद

बी-402: कालच्या विजांनंतर गेटचा कॅमेरा गेला. नेटवर्क स्विचचे पोर्ट 7 आणि 8 पण मेले, लाइटच लागत नाही. मागच्या पावसाळ्यातही हेच. विजेचा झटका (सर्ज) जमिनीत वळवणारा प्रोटेक्टर लावला होता ना?

सेक्रेटरी: लावलाय, स्विचपाशी. सभेत दुसऱ्या, कॅमेऱ्याच्या टोकाच्या प्रोटेक्टरचा खर्च कोणी अडवला ते सगळ्यांना आठवत असेल.

ए-303: गेटपर्यंत फायबर टाका, त्यातून वीज वाहत नाही. तेव्हाही म्हटलं होतं.

सी-101: आत्ताच डबा उघडून पाहिला. प्रोटेक्टरची हिरवी वायर तीनेक मीटर आहे, गुंडाळून ठेवलीय आणि टोक खिडकीच्या ग्रिलला! ह्याला अर्थिंग नाही म्हणत.

बी-402: लांब असली म्हणून काय झालं?

सी-101: सरळ वायरलाही मीटरमागे साधारण 1 मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे झटकन बदलणाऱ्या करंटला विरोध. सर्ज मायक्रोसेकंदात 1000 अँपिअर चढला की दर मीटरला 1000 व्होल्ट वायरवरच. 3 मीटरला 3000, गुंडाळीमुळे आणखी. स्विचच्या पोर्टमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन 1500 व्होल्टच्या चाचणीचं. वायर अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, मीटर बोर्डाच्याच अर्थ बारला जोडा. वेगळा खड्डा नको, दोन अर्थमधला फरक पोर्टवरच येतो.

डी-204: वरची टाकी ओसंडतेय, कोणी बघणार का??

सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलंय ताई.

ए-303: फायबर.

बी-604: काका, फायबरने कॅमेऱ्याला वीज कशी जाणार? गेटला वेगळी सप्लाय लागेल, तिलाही सर्ज प्रोटेक्टर लागेल. आणि फायबरमध्ये लोखंडी तार असलेली केबल घेतली तर सगळं मुसळ केरात.

ए-303: बिनधातूची मिळते. फायबरच टाका.

बी-604: तोवर दोन्ही टोकांना नवे प्रोटेक्टर. केबलमधल्या आठही तारा धरणारे बघून घ्या, काहींमध्ये 1, 2, 3, 6 एवढ्याच तारा धरलेल्या असतात आणि पीओई, म्हणजे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला जाणारी वीज, 4, 5, 7, 8 वरूनही येते. पीओईचे 57 व्होल्टपर्यंत जातात, प्रोटेक्टरमधला डायोड त्याहून कमी व्होल्टलाच वाहू लागणारा असेल तर कॅमेरा चालूच होणार नाही. नुसत्या गॅस ट्यूबचा (जास्त व्होल्टला पेटून झटका अर्थला सोडणारी नळी) तर मुळीच नको. जोडीतल्या दोन ट्यूब एकाच क्षणी पेटत नाहीत. एक आधी पेटली की दोन तारांमध्येच फरक उभा राहतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर अडवत नाही, सरळ चिपवर नेतो. म्हणून ट्यूबच्या मागे तारांमध्ये टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज लगेच कापणारा) हवाच, कमी कपॅसिटन्सचा, नाहीतर गिगाबिट लिंक 100 मेगाबिटवर उतरेल.

बी-402: हे आधी सांगितलं असतं तर दोन पोर्ट वाचले असते.

सी-101: सभेत सांगितलं होतं, तुम्ही लवकर उठून गेलात.

सेक्रेटरी: ग्रिलवरची वायर आजच काढतो. बी-604, दोन नगांचं नाव-नंबर मला पाठवा.

ए-303: आणि फायबरचं कोटेशन?

डी-204: पाणी अजून वाहतंय.