बाल्कांवात आणि ऑफिसात मोशन सेन्सर: पीआयआर की मायक्रोवेव्ह?

चिऱ्याचं_घर (फोंडा)
नमस्कार मंडळी. कौलारू घर आहे. बाल्कांवातला (दारापुढच्या ओसरीतला) दिवा आणि अंगणातला ३० वॅटचा फ्लडलाइट माणूस आल्यावर पेटायला हवा. फाटक घराच्या अगदी समोर, आठ मीटरवर. रात्री मोकाट कुत्री फिरतात. शिवाय वेर्ण्याला भाड्याचं ऑफिस आहे: जिप्समची पार्टिशनं, चार टेबलं, छताचे पंखे, एक टॉयलेट. सगळीकडे एकच प्रकार चालेल का? स्विचबोर्डात न्यूट्रल नाही, म्हणून वायरमन दोन वायरींचा सेन्सर घ्या म्हणतो.

लेन्स_पुसा
एकच प्रकार नाही चालणार. बाहेर पीआयआरच घ्या, म्हणजे अंगाची उष्णता हलताना टिपणारा सेन्सर. मायक्रोवेव्ह स्वतः लहरी सोडून त्यांच्या परतीवरून हालचाल ओळखतो; त्याला हलणारी माडाची झावळी आणि पावसाच्या सरीसुद्धा माणूस वाटतात, जूनपासून दिवा विझायचाच नाही.

पीआयआरला आडवं जाणारं माणूस चटकन दिसतं, सरळ अंगावर येणारं उशिरा. म्हणून फाटकासमोरच्या भिंतीवर नको. घराच्या कोपऱ्यावर २.२ ते २.५ मीटर उंचीवर असा लावा की फाटकापासूनची वाट त्याच्या नजरेला आडवी छेदेल. डब्यावर लिहिलेला १२ मीटरचा पल्ला साधारण २५ अंश तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात तापलेली भिंत आणि अंगाची कातडी यांच्या तापमानात फरकच उरत नाही, तेव्हा सहा-सात मीटर मिळाले तरी पुष्कळ. काचेच्या आतून मात्र लावू नका, काचेपलीकडची उष्णता त्याला दिसत नाही.

कुत्र्यांसाठी लेन्सच्या खालच्या ओळींना आतून काळी टेप लावतात. त्याने जवळून जाणारं कुत्रं टळतं, लांबचं नाही. माझं मत विचाराल तर सोडून द्या: ३० वॅटचा दिवा मिनिटभर पेटला तर अर्धा वॅट-तास, म्हणजे ०.०००५ युनिट जातं.

तीन_वायर (डिचोली)
दोन वायरींचा नको. तो स्वतःचा करंट दिव्यातूनच ओढतो, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. न्यूट्रल बोर्डात नसला तरी दिव्याच्या पॉइंटला असतोच. तीन वायरींचा सेन्सर तिथेच लावा, स्विच कायम चालू ठेवा. नवी वायर ओढायची गरज नाही. मात्र दिवा सेन्सरच्या नजरेत येऊ देऊ नका, नाहीतर तो विझताना होणाऱ्या बदलाने सेन्सर पुन्हा पेटवतो. 'लक्स' नॉब चंद्राच्या खुणेवर, म्हणजे अंधारातच पेटेल; वेळ एक मिनिट.

पावसाचं: आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न शिरणारा) घ्या, केबल खालून आत न्या आणि तिला आधी खाली झोळ द्या. सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी. खालची कड उघडी सोडा, आत साचलेली वाफ निघून जायला हवी. चारी बाजू बंद केलेल्या सेन्सरचा रिले (दिवा चालू-बंद करणारा आतला स्विच) गंजतो. डब्यावरचे १२०० वॅट साध्या बल्बांसाठी असतात. एलईडी ड्रायव्हर (दिव्यातला वीज पुरवणारा भाग) चालू होताना करंटचा मोठा झटका घेतात, रिलेचे संपर्क चिकटतात आणि दिवा कायम पेटलेला राहतो. एलईडीचा वेगळा आकडा असतो, तो पाहा.

लेन्स_पुसा
ऑफिसचं राहिलं. टेबलाशी बसलेला माणूस पीआयआरला दिसेनासा होतो, म्हणून तिथे २४ गिगाहर्ट्झचा प्रेझेन्स रडार (स्थिर बसलेल्या माणसाची बारीक हालचालही टिपणारा मायक्रोवेव्ह सेन्सर), पण अंतराचे टप्पे वेगवेगळे बंद करता येतील असाच. छताचा पंखा फिरत राहिला तर साध्या रडारला खोली कधी रिकामी वाटतच नाही. पंख्याच्या अंतराचा टप्पा बंद करा. जिप्सममधून तो पलीकडचा पॅसेजही पाहतो, तेव्हा पल्ला खोलीपुरताच ठेवा.

टॉयलेटला रडार नको, पीव्हीसी पाइपातलं वाहतं पाणीही त्याला हालचाल वाटते. छताला पीआयआर, वेळ पाच मिनिटं. एक्झॉस्ट त्याच लाइनवर असेल तर पंख्याच्या टोकांना ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर (झटका शोषणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) जोडा; नाहीतर पंखा बंद होतानाचा झटका सेन्सरला पुन्हा चालू करत राहील.

चिऱ्याचं_घर (फोंडा)
आभार. वीज जाऊन परत आली की दिवे आपोआप पेटतात, तो बिघाड का?

तीन_वायर (डिचोली)
नाही. वीज आल्यावर पीआयआर ३० ते ६० सेकंद स्थिरावतो, तेवढा वेळ बरेच सेन्सर दिवा चालू ठेवतात. दोन मिनिटांनंतरही विझला नाही तर लेन्सवर पाल किंवा कोळ्याचं जाळं आहे का ते आधी बघा.