बारा माणसांच्या कारखान्यात नीतीचं शिबिर घ्यावं, की मालकाने आधी गल्ल्यातून हात काढावा?

हिशेबनीस_तुकोगंज

इंदुरात सांवेर रोडच्या छोट्या युनिटांत 'मूल्याधारित नेतृत्व' वगैरे नावाची दिवसभराची शिबिरं घ्यायची टूम निघाली आहे. वक्ता येतो, फळ्यावर 'सचोटी' लिहितो, जेवण होतं, टाळ्या होतात. माझ्या मते हा पैसा पाण्यात. ऐकून कोणी सुधारत नाही. माणसाला वळण लागतं ते रोजच्या कामातून, आणि ते आधी मालकाला लागावं लागतं.

छोट्या धंद्यात बिघाड बहुधा गल्ल्यापाशी सुरू होतो. मालक जाता जाता पाचशे काढतो, 'नंतर लिहू' म्हणतो. महिनाअखेर रोकड जुळत नाही, मग फरक 'चहापाणी'त टाकतात. रोखपाल हे बघून दोन धडे घेतो: फरक मुरवता येतो आणि मुरवला तरी कोणी विचारत नाही.

पद्धत साधी आहे. गल्ल्यात ठरलेली रक्कम ठेवा, समजा ५,०००. प्रत्येक खर्चाला व्हाउचर, त्यावर घेणाऱ्याची सही. केव्हाही मोजा, नोटा अधिक व्हाउचर मिळून ५,००० भरलेच पाहिजेत. भरणा व्हाउचरांच्या बेरजेइतकाच करायचा. महिन्यातून दोनदा, न सांगता, रोखीशी संबंध नसलेल्या माणसाने मोजायचं. ५००च्या किती, १००च्या किती अशी चिठ्ठी करून दोघांच्या सह्या घ्यायच्या. गल्ल्यात उसनवारीची चिठ्ठी ठेवायची नाही, मालकाचीसुद्धा नाही. त्याची उचल वेगळ्या खात्यात, सहीनिशी.

इंदूरकरांना हे नवं नसावं. होळकरशाहीत खासगी (घराण्याची स्वतःची मिळकत) आणि दौलत (राज्याचा खजिना) यांचे हिशेब वेगळे असत. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर लागली, आणि अहिल्याबाईंनी (कारभार १७६७ ते १७९५) ठिकठिकाणची मंदिरं, घाट, धर्मशाळा या खासगीतून उभारल्या. एवढ्या राज्याला दोन वह्या ठेवता आल्या, तर बारा माणसांच्या मालकाला का येऊ नयेत?

लेथवाला

हिशेबनीस काका, वह्या सत्यम या संगणक कंपनीकडेही होत्या. लेखापरीक्षक होते, स्वतंत्र संचालक होते, २००८मध्ये सुशासनाचा पुरस्कारसुद्धा मिळाला होता. ७ जानेवारी २००९ला अध्यक्षांनीच पत्र लिहून सांगितलं की ताळेबंद फुगवलेला आहे.

आणि मोजमापाने एक रोग हमखास जडतो. जे मोजलं जातं तेवढंच नीट होतं. २०१७पासून देशाच्या स्वच्छता क्रमवारीत आपलं इंदूर पहिलं येत राहिलं, घरोघर कचरा वेगळा करायची सवय लागली, हे खरंच कौतुकाचं. पण २०२५च्या डिसेंबरात इथल्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसं दगावली. क्रमांकाच्या बाहेर काय राहिलं ते तिथे कळलं.

शॉपफ्लोअरवरचं बोलू. लेथवर पहिला पीस तपासतात, मग समजा दर २५व्या पीसला गेज (माप तपासायचं साधन) लावतात. २००वा पीस मापाबाहेर निघाला, तर १७५वा चांगला होता एवढंच नक्की. मधले सगळे संशयित, सगळे बाजूला काढायला हवेत. आता रात्रपाळीत ऑपरेटर एकटा आहे, गाडी लोडिंगला लागली आहे. तो २०० नंबरचा एकच पीस फेकून मोकळा होईल, की पंचवीसही बाहेर काढून फोरमनला उठवेल? कुठलं व्हाउचर हे ठरवणार आहे?

फोरमनचं पहिलं वाक्य काय असतं, त्यावर ते ठरतं. 'कोणी केलं?' असेल तर पुढच्या वेळी फोन येणार नाही. 'किती पीस, कुठे ठेवलेत?' असेल तर येईल. रिजेक्शनचे पैसे पगारातून कापणाऱ्या युनिटात खराब माल क्रेटच्या तळाशी जातो आणि तो गिऱ्हाईकाकडे उघडतो. म्हणून लाल पेटी ठेवा, कुलूपवाली. पीस आत टाकताना तारीख, मशीन नंबर आणि कारण लिहिलेला टॅग लावा. त्या आकड्याचा पगाराशी संबंध ठेवू नका. हात चुकला, आळस केला आणि मुद्दाम लपवलं, या तीन गोष्टींना एकच शिक्षा नसते. पहिलीला शिक्षा नाहीच, दुसरीला समज, तिसरीला मात्र माफी नाही. हे फोरमनला कळायला हवं, आणि त्यासाठी शिबिर घेतलं तरी माझी हरकत नाही.

पळशीकर_कॉलनी

दोघेही ज्याच्यावर बोलत नाही ते मी बोलते. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांशी बोलून १९५३मध्ये मांडणी केली. त्यातून पुढे तीन बाजूंचा त्रिकोण रूढ झाला: कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि 'उसने घेतोय, परत ठेवीन' ही मनाची समजूत. काका संधी बंद करताहेत, लेथवाले मन घडवताहेत. अडचणीचं काय?

पगार ७ तारखेच्या आत झाला पाहिजे, हा कायदा आहे, उपकार नाही. त्यापलीकडे उचलीचा लेखी नियम हवा: एका पगाराइतकी, बिनव्याजी, दहा हप्त्यांत फेड, सगळ्यांना माहीत असलेला. नाहीतर कामगार आठवड्याच्या व्याजाच्या सावकाराकडे जातो आणि मग तुमच्या भंगाराच्या वजनात घट येते.

टार्गेटचंही तेच. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने एका गिऱ्हाईकाला आठ-आठ योजना विकायचा धोशा लावला. कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता खाती उघडली, २०१६मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० जणांना काढलं होतं. पाच हजार माणसं एकदम जन्माने लबाड निघाली का?

आणि पैसे मागणाऱ्या पुरवठादाराचा फोन आला की 'साहेब बाहेर गेलेत' असं अकाउंटच्या पोराकडून वदवून घेता, ते कुठल्या नेतृत्वात बसतं? सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मालकासाठी रोज खोटं बोलणारं पोरगं एक दिवस मालकाशीही बोलेल.

सियागंज_उधारी

सगळं छान आहे भिया. सरकारी तपासणीवाला येऊन खुर्चीत बसतो तेव्हा लाल पेटी दाखवायची का त्याला? पैसे न देणाऱ्याची फाइल खाली जाते. हे पुस्तकी बोलणं तिथे चालत नाही.

हिशेबनीस_तुकोगंज

चालतं, पण आळशी माणसाचं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तपासयंत्रणेला कळवायचं, तर सुटका. आधी कळवलंत तर लोकायुक्त पोलीस सापळा लावतात, इंदुरात त्यांचं पथक आहे. शिवाय मध्य प्रदेशात २०१०चा लोकसेवा हमी कायदा आहे. यादीतल्या सेवेला मुदत ठरलेली, विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० दंड. पण त्यासाठी अर्ज पूर्ण हवा आणि तारखेची पावती हातात हवी. परवाना संपायच्या आदल्या दिवशी, अर्धे कागद घेऊन जाणाऱ्याकडेच पैसे मागणं सोपं असतं. नूतनीकरणाच्या तारखा भिंतीवर लावा, ६० दिवस आधी कामाला लागा. तरीही अडवणूक होते, नाही म्हणत नाही. मग उशिराचा खर्च धंद्याने सोसायचा.

सगळ्यात घाण वाक्य मालकाचंच असतं: 'काम करून ये, कसं केलंस ते मला सांगू नकोस.'

लेथवाला

बघा! या वाक्याला तुमच्याकडे कुठलं व्हाउचर आहे? हा स्वभावाचा प्रश्न झाला, म्हणजे माझाच मुद्दा.

हिशेबनीस_तुकोगंज

आहे की. त्या माणसाला दिलेले पैसे 'किरकोळ खर्चा'त पडतात. ते खातं बंद करा. २००च्या वरची प्रत्येक नोंद नावानिशी आणि कारणानिशी. कारण लिहिता येत नसेल तर पैसे निघणार नाहीत. मालकाचा स्वभाव बदलेपर्यंत मी थांबू शकत नाही. वही आजपासून बदलता येते.

सियागंज_उधारी

आणि वसुलीवाला? एकाचे पैसे खिशात, दुसऱ्याचे आले की पहिल्याच्या नावावर जमा, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. पावत्या सगळ्या बरोबर दिसतात.

हिशेबनीस_तुकोगंज

ही साखळी रोज सांभाळावी लागते, म्हणून असा माणूस कधी सुट्टी घेत नाही आणि मालक त्याला कष्टाळू समजतो. रिझर्व्ह बँकेने बँकांतल्या नाजूक जागांवरच्या लोकांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस, आगाऊ न सांगता सक्तीची रजा लावली आहे ती यासाठीच. आपल्याकडेही तसंच करा. त्या काळात त्याची उधारीवही दुसऱ्याने चालवायची आणि वीसेक गिऱ्हाइकांना थेट फोन करून बाकी जुळवायची.

पळशीकर_कॉलनी

रजा भरपगारी असेल आणि सगळ्यांना असेल तर मान्य. फक्त एकाला पाठवलंत तर तो संशय झाला. छोट्या गावात, नाही, इंदुरातसुद्धा, असा शिक्का पुसला जात नाही.

लेथवाला

सगळ्यांना म्हणजे मालकाच्या मेव्हण्यालाही? बऱ्याच युनिटांत स्टोअर त्याच्याकडे असतं.

हिशेबनीस_तुकोगंज

आधी त्यालाच. आणि त्याच्या रजेत स्टोअरची चावी मालकिणीकडे नको. मोजदाद करून, यादीवर दोघांच्या सह्या घेऊन ती फोरमनकडे द्यायची.