'चार्ज' : एक शब्द, किती ओझी

मोबाइल चार्ज होतो, नवा अधिकारी चार्ज घेतो, जमावावर लाठीचार्ज होतो, बँक सर्व्हिस चार्ज कापते आणि आरोपीवर चोरीचा चार्ज लागतो. शब्दकोशात हे अर्थ क्रमांक घालून सुटे सुटे दिलेले असतात, म्हणून मुलं ते पाठ करत बसतात. त्याची गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत ओझं भरणे या अर्थाचं क्रियापद तयार झालं आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं. 'कार' आणि 'कार्गो' याच कुळातले. ओझं हा अर्थ हाती धरला की बाकीचं सुटत जातं. बंदुकीत ठासलेली दारू हा चार्ज. माणसावर टाकलेली जबाबदारी, खर्चाचा बोजा, गुन्ह्याचा ठपका, हेही चार्जच. 18व्या शतकात विजेचे प्रयोग जोरात होऊ लागले तेव्हा तिथेही हाच शब्द कामी आला.

मराठीनेही बरीचशी हीच वाट धरलेली दिसते. पदभार, विद्युतभार, सरचार्जला अधिभार. 'आरोप' हा शब्दसुद्धा मुळात 'वर चढवणे, ठेवणे' या अर्थाचा आहे, हे लक्षात आलं की फार आनंद होतो.

घोडदळाचा चार्ज मात्र या ओळीत सहज बसत नाही. सगळं बळ एकवटून शत्रूवर तुटून पडणं, असा मी तो समजून घेतो. त्या घोड्यालाही चार्जर म्हणत. आणि 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर चार्जरमध्ये मागितलं जातं, तिथे चार्जर म्हणजे मोठं ताट! जुनं इंग्रजी वाचताना हे माहीत असलेलं बरं.

खरी गफलत वापरात होते. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' याचाही अर्थ तोच. मधला 'द' आला की सांभाळणारा कोण आणि सांभाळला जाणारा कोण, यांच्या वाक्यातल्या जागा बदलतात. अनुवादात हा 'द' नजरेतून निसटला तर वाक्य उलटंच होतं. तसंच 'चार्ज्ड विथ'चं. पुढे काम आलं तर ते सोपवलेलं, गुन्हा आला तर तो ठेवलेला. आणि 'चार्ज्ड अ‍ॅटमॉस्फिअर'ला डोळे मिटून 'भारलेलं वातावरण' लिहू नये. मराठीत भारलेपणात मोहिनी असते. वादळी सभेचं वर्णन असेल तर तिथे 'तंग' किंवा 'तापलेलं' हवं.

'डिस्चार्ज' म्हणजे ओझं उतरवणं, पण मराठीला तिथे दरवेळी नवा शब्द लागतो. धरणातून विसर्ग, जखमेतून स्राव, रुग्णाला घरी सोडणं, कर्जाची फेड. खटला उभा राहण्याआधीच न्यायालयाने आरोपीला सोडलं तर दोषमुक्ती. निर्दोष सुटका म्हणजे 'अक्विटल', ती वेगळी. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. 'डिस्चार्ज्ड हिज ड्यूटी' म्हणजे त्याने कर्तव्य पार पाडलं, आणि 'डिस्चार्ज्ड फ्रॉम ड्यूटी' म्हणजे त्याला कामावरून मोकळं केलं.