मदत हवी आहे: भाची सोळा वर्षांची, तो सत्तावीसचा

माझ्या भावाची मुलगी अकरावी सायन्सला आहे. भाऊ सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, मी पुण्यात. दिवाळीत गच्चीवर बसलो होतो तेव्हा तिनं विचारलं, "आत्या, कुणाला सांगणार नाहीस ना?" आणि मी पुढचं न ऐकताच 'नाही' म्हणून बसले. तीन आठवडे झाले, धड झोप नाही.

ती ज्या अभ्यासिकेत बसते ती चालवणारा माणूस सत्तावीस वर्षांचा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिलेली, गावात मान आहे, दादासुद्धा त्याला 'सर' म्हणतो. आधी नोट्स दिल्या, मग शंका सोडवल्या, मग रात्री साडेअकरा-बारापर्यंत मेसेज. आता ती म्हणते, "आमचं प्रेम आहे."

मी नुसत्या आकड्यावर अडलेली नाही. माझे मिस्टर माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत. पण लग्न ठरलं तेव्हा मी सव्वीसची होते, माझा पगार माझ्या हातात होता, आणि मन फिरलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. भाचीला साधा रिचार्ज मागावा लागतो. तोही हल्ली तोच मारून देतो.

आईला आडून विचारून पाहिलं. म्हणाली, "मी पंधराची होते, तुझे वडील सव्वीसचे. काय बिघडलं?" आईची शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. आजही औषधाच्या पाकिटावरचं वाचायला ती मला फोन करते. पण ते मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?

मला भीती वाटते ती या गोष्टींची. चॅट रोज पुसायला लावतो. "तू तुझ्या वयाच्या पोरींसारखी नाहीस, तुला समज आहे," असं म्हणतो, आणि हे ती मला अभिमानानं सांगत होती. मैत्रिणींबरोबर जत्रेला गेली तर चार दिवस अबोला. एकदा फोटो मागितला, तिनं दिला नाही, तर "एवढाच का विश्वास?" म्हणून तिला रडवलं. याच्यापुढे काही झालेलं नाही असं ती सांगते.

दादाला सांगितलं तर फोन जाईल, कॉलेज बंद होईल आणि अठरा लागले की स्थळं बघायला सुरुवात. त्या माणसाला दोन थपडा बसतील आणि गावभर नाव हिचं होईल. गप्प बसले तर उद्या काही झाल्यावर स्वतःला काय सांगू? पोलिसांत गेलं तर तिचं नाव बाहेर येतं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

शाळेतल्या बाई:
ताई, मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा. त्याआधी संमतीचं वय सोळा होतं, आता अठरा आहे. अठराच्या आत तिचा होकार असला तरी लैंगिक संबंधाच्या बाबतीत कायदा तो धरत नाही. गुन्हा झाल्याचं, किंवा होईल अशी शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, नात्यातल्या माणसांनाही. त्यामुळे 'कुणाला सांगणार नाही' हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही. पण ते मोडणार आहात हे आधी तिला सांगा, तिच्या पाठीमागे नको.

नावाचं म्हणाल तर मुलीची ओळख छापायला, दाखवायला कायद्यानं बंदी आहे. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. गावातली कुजबुज मात्र कायद्यानं थांबत नाही, ते खोटं सांगत नाही. आधी 1098 ला फोन करा. मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, रात्रीही चालू असते. आणि यापुढचे मेसेज तिला पुसू देऊ नका.

बेलाचं पान:
मी सतरा वर्षांची होते, तो एकोणतीसचा, आमच्या क्लासचा. घरी कळल्यावर बाबांनी मला मारलं आणि क्लास बंद केला. त्याला कुणी काही विचारलं नाही, पुढच्या वर्षी दुसरी मुलगी. मला जे हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी विचारावं: याच्या वयाच्या बायका याला सोडून जातात का, आणि का? तुम्ही तिला "तो वाईट आहे" म्हणू नका, ती त्याची बाजू घेईल. "चॅट का पुसायचे गं?" एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर शोधताना तिला स्वतःलाच दिसेल.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. आत्ता 1098 वर बोलले. बाई शांतपणे ऐकत होत्या, जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाबद्दलही सांगितलं. शनिवारच्या पहिल्या एसटीनं निघते. आधी भाचीला सांगेन की मी शब्द मोडणार आहे. मग दादाच्या आधी वहिनीला, कारण वहिनी तिचं कॉलेज सुटू देणार नाही. स्वतः बारावीनंतर शिकायला न मिळाल्याचं ती अजून बोलते.

एकच विचारायचं राहिलं. अभ्यासिकेत आणखी सहा-सात मुली बसतात. त्यांच्या घरी कसं कळवायचं, भाचीचं नाव न येता?