साठच्या कॅसेटमध्ये न मावलेलं मेटॅलिका: तुमचे किस्से टाका

माळ्यावरचा_मी
काल आरासीचं सामान काढायला माळ्यावर चढलो. मखराच्या मागे बुटांचा खोका, खोक्यात अकरा कॅसेटी. दहा वडिलांच्या, कीर्तनं आणि नाट्यगीतं. अकरावीवर माझ्या अक्षरात, निळ्या पेनानं, 'मेटालिका जस्टिस'. (मेटॅलिका, अमेरिकेचा मेटल बँड. तेव्हा मेटालिकाच म्हणायचो, सुधारणार कोण?) वरच्या कडेच्या दोन्ही खाचांवर सेलोटेप, पिवळा पडून कडक झालेला. म्हणजे ही विकतची कीर्तनाची कॅसेट. खाच उघडी असली की वरून काही भरता येत नाही, म्हणून ती बुजवून तिच्यावर मी मेटॅलिका भरून घेतलं होतं. नाशिक, १९९३, अकरावी. मित्राच्या दादाकडे डबल डेक होता, एका कॅसेटवरून दुसरीवर भरायचा.

तर गंमत अशी की ही कॅसेट साठची, म्हणजे बाजूला तीस मिनिटं. आणि 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) हा अल्बम पासष्ट मिनिटांच्या वर. पहिली चार गाणी मिळून तीस मिनिटं आणि थोडी सेकंदं, त्यामुळे 'वन' कसंबसं बसतं. उरलेली पाच पस्तीस मिनिटांची, ती कुठून मावणार? शेवटचं 'डायर्स ईव्ह' गायब. गायब म्हणजे ते आहे हेच मला ठाऊक नव्हतं, कारण कव्हर नव्हतं. माझ्या लेखी रेकॉर्ड संपायची 'टू लिव्ह इज टू डाय'ला. जवळजवळ दहा मिनिटं, बँडचा आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन, त्यानं मागे ठेवलेल्या तुकड्यांवर बांधलेलं, मध्ये नुसत्या बोललेल्या चार ओळी. ते विरत विरत गेलं की पुसायचं राहून गेलेले बुवा अचानक, "बोला पुंडलिक वरदे...", आणि खट्ट. बाजू संपली.

दहा वर्षांनी सीडी घेतली. तो शेवट झाला, मी बुवांची वाट बघतोय, आणि 'डायर्स ईव्ह' सुरू, ड्रमर लार्सचे दोन्ही पाय चालू. इतका राग आला की उठून बंदच केली! आजही मला ते गाणं उपरं वाटतं.

तुमच्याकडे काय कापलं गेलं होतं? कोणाकडून भरून घेतलेली? लिहा.

खर्जातला
हाहाहा बुवा!! मेलो.
माझं पण जस्टिसच. मी बेस वाजवायचो कॉलेजात (वाजवायचो म्हणजे धरून उभा राहायचो). जेसन न्यूस्टेडचं ऐकून बसवू म्हटलं तर कॅसेटवर बेसच नाही. डेक बिघडला म्हणून दुरुस्तीला दिला. त्या काकांनी हेड बदललं, नव्वद रुपये घेतले. घरी येऊन लावलं, तरी नाही. परत गेलो तर म्हणाले, तुझ्या गाण्यातच नाहीये रे बाळा, माझ्या डेकमध्ये सगळं आहे. आणि बरोबर होतं त्यांचं! मिक्सिंगमध्येच बेस दाबून टाकलाय. क्लिफ गेल्यावर पोरगा बँडमध्ये आला, पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात तो ऐकूच येत नाही. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्याचं हेच होतं.

माळ्यावरचा_मी
नव्वद रुपये 😂 त्यात दोन नव्या कॅसेटी आल्या असत्या

तीनताल
मोबाईलवरून लिहितोय, चुका पोटात घाला.
बाबा तबला वाजवायचे, घरी शिकवणी. माझं मेटॅलिका क्लास नसेल तेव्हाच, आवाज दोनवर. एकदा 'मास्टर ऑफ पपेट्स'ची दुसरी बाजू चालू होती, 'ओरायन' लागलं. साडेआठ मिनिटं, शब्द एकही नाही. बाबा आतून आले, मला वाटलं आता कॅसेट खिडकीबाहेर. तर दारात उभे. मधे सगळं थांबतं आणि एकटा बेस सुरू होतो ना, तिथे मांडीवर बोटं चालू झाली. धा धी ना, धा ती ना. म्हणाले, "हा दादरा आहे. हे बरं आहे, यात ओरडत नाहीत."
त्यानंतर पाहुण्यांना सांगायचे, आमचा चिरंजीव इंग्लिश दादरा ऐकतो.
क्लिफच्या अंत्यविधीत हेच वाजवलं होतं म्हणतात ते मला फार नंतर वाचायला मिळालं. २७ सप्टेंबर १९८६, स्वीडनमध्ये बस उलटली, चोवीस वर्षांचा होता. रेकॉर्ड त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलेली. बाबांना सांगितलं तर काही बोलले नाहीत, पुन्हा लाव म्हणाले.

शुभांगीकाकू
मला मेटल म्हणजे भांडी एवढंच माहीत. पण २०२२ साली धाकट्यानं कुठल्याशा वेब सिरीजमध्ये ते पपेटवालं गाणं ऐकलं आणि घरात तीन महिने तेच. मोठ्या दिरांनी ऐकलं आणि म्हणाले अरे हे तर आमच्या वेळचं! छत्तीस वर्षांचं गाणं काका-पुतणे एकत्र ऐकत होते, जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी. काचेचा बाउल फुटला माझा. सेटमधला.

खर्जातला
काकू, बाउल कोणी फोडला, काकांनी की पुतण्यानं?

शुभांगीकाकू
दिरांनी. पण ओरडा पुतण्याला. कुकर झाला, येते.

काळी_पाटी
ब्लॅक अल्बम, १९९१, माझ्याकडे साठच्याच कॅसेटवर. दोन्ही बाजू तीसच्या वर जातात, म्हणजे दोन्हीकडची शेवटची गाणी अर्धवट. 'डोन्ट ट्रेड ऑन मी' अजूनही माझ्या डोक्यात मध्येच तुटतं.
पण किस्सा तो नाही. मित्राकडे ओरिजिनल होती, तिच्या कव्हरची झेरॉक्स काढायला गेलो. कव्हर काळं, त्यावर नाव आणि साप काळ्यातच, हातात घेऊन तिरकं धरलं तरच दिसतो. मशीनमधून काय बाहेर आलं? काळा कागद. दुकानदार म्हणाला, थांब, बिघडलंय, पुन्हा काढतो. पुन्हा काळा. तिसरा. मग त्यानं ओरिजिनल नीट बघितलं आणि जो तोंडाचा पट्टा सोडला! टोनर संपवलास माझा, दहावीच्या पोरांचे दाखले काढायचेत. तीन कागदांचे पैसे घेतले. तिन्ही जपून ठेवले होते, लग्नात आईनं रद्दीत घातले.

सहा_तारा
नथिंग एल्स मॅटर्सबद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून?? होस्टेलवर गिटार घेतलेला प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यात तेच. कारण सुरुवातीला डाव्या हाताला कामच नाही, मोकळ्या तारा छेडायच्या. मेटॅलिकाचा गायक हेटफिल्ड फोनवर मैत्रिणीशी बोलत होता, एका हातात रिसीव्हर, दुसरा हात तारांवर, त्यातून ते सुचलं. आमच्या होस्टेलवर उलट प्रकार. फोन वॉर्डनच्या खोलीत, मैत्रीण कोणालाच नाही, दोन्ही हात मोकळे, तरी डावा हात लागायची वेळ आली की गाणं संपायचं. पंधरा जणांना फक्त पहिला अर्धा मिनिट येत होता.
(त्यातली व्हायोलिनं मायकेल केमनची. पुढे १९९९ला त्यालाच घेऊन सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर अख्खा कार्यक्रम रेकॉर्ड केला. ती मात्र मी र्‍हिदम हाउसमधून पैसे देऊन घेतली. काळा घोड्याला गेलं की अजून पाय तिकडे वळतात, दुकान २०१६ला बंद झालं तरी.)

काळी_पाटी
डावा हात लागायची वेळ 😂😂

पत्र्याचा_डबा
आता शिव्या खायची तयारी करून लिहितो. माझी आवडती रेकॉर्ड सेंट अँगर.

खर्जातला
भावा, तब्येत बरी आहे ना?

पत्र्याचा_डबा
ऐकून तरी घ्या. २००३. नोकरी गेली होती, घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि संभाजी पार्कात बसायचो. कानात सेंट अँगर. स्नेअर ड्रमचा आवाज गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यासारखा आहे, मान्य. गिटारचा सोलो एकही नाही, मान्य. बेस तर बँडच्या माणसाचाही नाही, न्यूस्टेड सोडून गेलेला, म्हणून निर्माता बॉब रॉकनं वाजवलाय. पण त्या वेळी मला नीटनेटकं काही ऐकवत नव्हतं. हेटफिल्ड व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला, बाकीच्यांची आपसात भांडणं, आणि ते सगळं तसंच्या तसं टेपवर. तीन महिने ऐकलं. नोकरी लागली त्या दिवसापासून एकदाही लावलेली नाही. विकलीही नाही.

माळ्यावरचा_मी
आता काही म्हणत नाही मी सेंट अँगरला.

खर्जातला
मी पण नाही. (डबा तो डबाच, पण.)

ओहायोकर
इथे रात्रीचे दोन वाजलेत, झोप येत नाही म्हणून.
२०००, एमएस करत होतो, चौघे एका अपार्टमेंटमध्ये. युनिव्हर्सिटीचं इंटरनेट म्हणजे आम्हाला स्वर्ग, रात्रभर गाणी उतरवायची. त्याच वसंतात मेटॅलिकानं फुकट गाण्यांच्या त्या नॅपस्टरवर खटला भरला आणि तीन लाखांहून जास्त वापरणाऱ्यांची नावं खोकी भरभरून नेऊन दिली. आमच्यातल्या एकाचं खातं बंद झालं. दोष त्याचाच, डिस्कोग्राफी अख्खी वाटायला ठेवली होती. तो सोलापूरचा. घरी पत्रात लिहिलं की माझं नाव अमेरिकेत एका मोठ्या यादीत आलंय. वडिलांनी पेढे वाटले! खरंच वाटले.

सहा_तारा
पेढे 🙏🙏

वीट
मी डबिंग स्टुडिओत काम करतो. डेथ मॅग्नेटिक (२००८) आणली, सवयीनं कॉम्प्युटरवर उघडली. एरवी आवाजाच्या आलेखात डोंगर-दऱ्या दिसतात, इथे सरळ वीट. सगळं इतकं दाबून मोठं केलंय की आवाज फाटतो. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त स्वच्छ ऐकू येत होती, लोकांनी तिथून काढून ऐकली. गाणी चांगली होती हो, म्हणून जास्त जीव जळला. आमचे सर म्हणायचे, आवाज वाढवायला प्रत्येकाच्या घरी बटण असतं.

उद्यान_एक्सप्रेस
रेकॉर्डींचा धागा आहे पण मी बंगळूर लिहिणारच. ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स. दोन दिवस आधी दिल्लीकडचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळे पुण्याहून निघताना पोटात गोळा. जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेलो, शेजारी एक आजोबा, गुंटकलपर्यंत त्यांची पिशवी माझ्या मांडीवर. तिथे पोचलो तर चिखल, नवे बूट घोट्यापर्यंत. मग दिवे गेले आणि सिनेसंगीतकार मोरिकोनेची ती सुरावट सुरू झाली, एक्स्टसी ऑफ गोल्ड, ज्यावर ते दरवेळी स्टेजवर येतात. शेजारचा अनोळखी माणूस, चाळिशीचा, टक्कल, ऑफिसचा शर्ट, माझा खांदा धरून रडायला लागला. मराठीच निघाला. कराडचा. म्हणाला अठरा वर्षं कॅसेटवर ऐकतोय, हे लोक खरे आहेत असं वाटलंच नव्हतं.
नंबर घेतला होता, पण फोन चिखलात गेला. कराडकर, इथे असाल तर हात वर करा.

तीनताल
मी कराडचा पण तो मी नव्हे. टक्कल आहे.

शुभांगीकाकू
कुकर झाला, वाचलं सगळं. ते पेढ्याचं फार आवडलं. बंगळूरला गेलात तर इडली कुठे खाल्लीत?

उद्यान_एक्सप्रेस
काकू, स्टेशनबाहेर उभ्याउभ्या, चार प्लेट. चटणी पातळ होती पण गरम.

वीट
धागाकर्ते, ती कॅसेट वाजते का अजून? सरळ लावू नका. टेपच्या मागचा छोटा फेल्ट पॅड बघा आधी, जुन्यांचा गळून पडलेला असतो.

माळ्यावरचा_मी
पॅड आहे. वडिलांचा डेक पण आहे, चालू केला, दिवा लागतो, चाक फिरत नाही. उघडून बघितलं तर बेल्टचं डांबर झालंय, बोटं काळी. पुण्यात बेल्ट कुठे मिळेल?

खर्जातला
बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा. नव्वद रुपये बरोबर ठेवा 😂

वीट
जुना बेल्ट सोबत न्या, डांबर झालं असलं तरी. आणि चौकोनी होता का चपटा ते सांगा आधी.

माळ्यावरचा_मी
चपटा वाटतोय. थांबा, चष्मा आणतो.