प्रतिसाद: एलटीओ-4 ड्राइव्ह सतत क्लीनिंग मागतो

एलटीओ-4 (बॅकअपच्या चुंबकीय टेपची चौथी पिढी) ड्राइव्ह सतत क्लीनिंग मागतो, या प्रश्नावर लागोपाठ चार वेळा क्लीनिंग टेप फिरवण्याचा सल्ला वर आला आहे, तो कृपया पाळू नका. क्लीनिंग टेप हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) घासते. जुन्या हेडची झीज त्याने वाढतेच. ड्राइव्हने मागितल्यावर एकदा, फार तर दोनदा. क्लीनिंग कार्ट्रिजची वापराची मर्यादाही तपासा. ड्राइव्हच्या बनावटीनुसार ती 15 ते 50 वेळांची असते आणि संपलेली टेप काहीच साफ न करता बाहेर येते.

आधी दोष टेपचा की ड्राइव्हचा ते ठरवा. टेपअलर्टचे फ्लॅग (ड्राइव्ह स्वतः देतो ते क्रमांकित इशारे) वाचा: 20 म्हणजे लगेच क्लीनिंग, 4 म्हणजे टेपवर संशय. मग कोऱ्या, नव्या टेपवर लिहून पाहा. चुका तिथेही आल्या तर दोष हेडचा किंवा केबलचा. केबल आणि (एससीएसआय, म्हणजे जुन्या प्रकारची जोडणी, असेल तर) तिच्या टोकाला लावायचा टर्मिनेटर बदलून बघणं सगळ्यात स्वस्त, म्हणून ते आधी.

खरं दुखणं बहुतेकदा डेटाच्या वेगात असतं. एलटीओ-4 चा मूळ (कॉम्प्रेशनशिवायचा) वेग सेकंदाला 120 एमबी. ड्राइव्ह स्वतःला साधारण 30-40 पर्यंत हळू करतो. डेटा त्याहून हळू आला की ड्राइव्ह थांबतो, मागे येतो, पुन्हा सुरू होतो. या हेलपाट्यांत टेप आणि हेड दोन्ही झिजतात. लाखो बारीक फाइली थेट टेपवर पाठवू नका, आधी वेगळ्या डिस्कवर एकत्र करा आणि तिथून सलग लिहा.

या टेपा वाचायला दुसरा ड्राइव्ह घ्यायचा तर एलटीओ-5 किंवा 6 घ्या. एलटीओ-7 ड्राइव्ह एलटीओ-4 च्या टेपा वाचत नाही.